काकू, तुम्ही फार विचार करता

रात्रीची जेवणं झाली, ओटा आवरला, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी चिरून ठेवली की साडेदहाच्या सुमारास मी लॅपटॉप उघडते आणि माझ्यापेक्षा दोनशे-चारशे रेटिंगने वर असलेल्या लोकांकडून हरायला बसते. घर डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या निवासी भागात, नोकरी ठाण्याला. हा नाद 2020 च्या टाळेबंदीत लागला. तेव्हा सोसायटीत निम्म्या घरांतून बुद्धिबळ चालू होतं, पुढे लोकल सुरू झाल्या आणि बाकीच्यांचे पट बंद झाले. माझा राहिला.

सोंगट्या मला नव्या नव्हत्या. माझं बालपण कल्याणला पारनाक्याजवळ गेलं आणि 1981 साली रोहिणी खाडिलकर आशियाई महिला विजेत्या झाल्या तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. वासंती, जयश्री, रोहिणी या तिघी बहिणींची नावं आमच्या घरात क्रिकेटपटूंसारखी घेतली जात. काकांनी त्या भरात मला घोड्याची चाल शिकवली. रोहिणीताई पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा त्यावरून मोठा वाद झाला होता आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांना, बाईला खेळापासून अडवता येणार नाही, असं सांगावं लागलं. आज माझ्यासमोरच्या माणसाला फक्त माझं टोपणनाव आणि एक आकडा दिसतो. पलीकडे पन्नाशीची बाई आहे की अकरावीतला मुलगा, हे त्याला कळायला मार्गच नाही. मला ही गोष्ट फार आवडते.

मी खेळते ती लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरची अरीना, तीन मिनिटांच्या डावांची. तिथली साधी ताशी स्पर्धा 57 मिनिटांची असते. फेऱ्या ठरलेल्या नाहीत. एक डाव संपला की लगेच पुढचा प्रतिस्पर्धी. जिंकलात तर 2 गुण, बरोबरीला 1. सलग दोन डाव जिंकलात की पुढच्या डावापासून गुण दुप्पट मिळतात, तुमच्या रांगेत ज्वाला दिसू लागते, आणि जिंकत राहाल तोवर ती जळत राहते. जोडी लावताना यंत्र तुमच्या स्पर्धेतल्या त्या वेळच्या क्रमांकाजवळचा खेळाडू शोधतं. म्हणजे होतं काय, की माझ्यासारखीने दोन डाव जिंकून वर डोकं काढलं रे काढलं की समोर एखादा उस्ताद येऊन बसतो. नावापुढे नारिंगी अक्षरांत पदवी: एफएम, आयएम, कधी चक्क जीएम. स्विस पद्धतीच्या स्पर्धेत असा माणूस पहिल्या फेरीनंतर मला दिसलाही नसता. इथे तो जिंकल्याची शिक्षा म्हणून दिसतो, आणि नेमका दुप्पट गुणांच्या डावातच दिसतो.

रेटिंगचं गणित या बाबतीत निर्दय आहे. 200 गुणांचा फरक असेल तर दुबळ्याने शंभरातले साधारण 24 गुण मिळवणं अपेक्षित असतं. 400 चा फरक असेल तर जेमतेम 9. पण गणित असंही सांगतं की ते 9 कुणीतरी मिळवतंच.

सुरुवातीला मला वाटायचं की हे लोक झपाट्याने विचार करतात. आमच्याच इमारतीत नववीतला एक मुलगा आहे, ऑनलाइन रेटिंग माझ्याहून बरंच वर. त्याच्या आईच्या हातचे कांदेपोहे खायला गेले असताना त्याने माझे दोन-तीन डाव पाहिले आणि म्हणाला, “काकू, तुम्ही फार विचार करता.”

“अरे, मग बुद्धिबळात करायचं तरी काय?”

“सहाव्या चालीला तुम्ही अकरा सेकंद घेतलेत. ही चाल तुम्ही रोज खेळता. मग काय बघत होतात?”

काय बघत होते? काहीच नाही. समोर नारिंगी अक्षरं होती म्हणून जपून खेळत होते. त्याने मला प्रत्येक चालीला लागलेल्या वेळाचा आलेख उघडून दाखवला. तो डाव संपल्यावर विश्लेषणाच्या पानावर मिळतो आणि मी तोवर कधी पाहिलाच नव्हता. समोरच्याचे पहिल्या बारा चालींना मिळून पंधराएक सेकंद गेले होते, माझं मिनिट उलटलं होतं. आणि पटावर? इंजिनच्या मते स्थिती बरोबरीची. म्हणजे मी मिनिटभर देऊन काहीच विकत घेतलं नव्हतं. पुढे खरोखर विचार करण्याची जागा आली, घोडा देऊन हल्ला चढवायचा की साधं मागे यायचं, तिथे माझ्याकडे वेळ नव्हता आणि त्याच्याकडे होता. भारी खेळाडू सगळीकडेच वेगात असतो असं नाही. कुठे विचार करायचा नाही हे त्याला पाठ असतं, आणि त्याची खरी चलाखी ही, की तो तुम्हाला पुन्हा पुन्हा विचार करायला लागेल अशी चाल खेळतो. ती चाल उत्तम असतेच असं नाही. बऱ्याचदा ती जरा वाईटच असते. पण ती वाईट का, हे शोधायला मला वीस सेकंद लागतात आणि तीन मिनिटांच्या डावात वीस सेकंद म्हणजे हत्ती.

हे कळल्यावर मी दोन गोष्टी बदलल्या. पांढऱ्याकडून लंडन सिस्टीम, काळ्याकडून कारो-कान, बाकी सगळं बंद. जाणकारांना लंडन कंटाळवाणी वाटते, वाटो. उंट एफ4 वर, ई3, सी3, किल्लेकोट, हात आपोआप चालतो. दुसरं म्हणजे वजिरांची अदलाबदल मिळाली तर करून टाकायची. शिकवणीत मुलांना सांगतात की वरच्या खेळाडूशी एंडगेममध्ये जाऊ नका, तिथे त्यांचं तंत्र सरस असतं, गुंतागुंत करा. संथ डावात हे खरं असेल. तीन मिनिटांत माझा अनुभव उलटा आहे. गुंतागुंतीत मी पंचविसाव्या चालीलाच मरते. एंडगेममध्ये त्याचं तंत्र सरस असतंच, पण ते दाखवायला त्यालाही चाळीस चाली लागतात, आणि चाळीस चालींना वेळ लागतो.

आता बर्सर्कबद्दल. डाव सुरू होताना एक बटण दाबून खेळाडू आपला वेळ अर्धा करून घेऊ शकतो. तीन मिनिटांची दीड होतात, आणि जिंकला तर एक गुण जास्त मिळतो. ज्यांना पहिल्या पाचांत यायचं आहे ते माझ्यासारखीचं रेटिंग पाहताच ते बटण दाबतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अपमान वाटला. समोरचा माणूस शब्दाविना सांगत असतो की तुझ्यासाठी अर्धा वेळ पुरे. आणि बहुतेक वेळा पुरतोही. मॅग्नस कार्लसनसुद्धा पदवीधारकांच्या अरीनांमध्ये निरनिराळ्या टोपणनावांनी उतरून बर्सर्क करत असे आणि स्पर्धा जिंकत असे. तिथे समोर ग्रँडमास्टर असत. त्यांनी काय वाटून घ्यायचं? मी तो अपमान गिळला आणि त्याकडे सवलत म्हणून पाहायला लागले.

पावसाळ्यातल्या एका रात्री दोन विजयांनंतर एक एफएम समोर आला. त्याने बर्सर्क केलं. मी लंडन. त्याने जी6, डी6 असं काहीतरी लांबूनच मांडलं आणि राजाच्या बाजूची प्यादी माझ्यावर सोडली. वजीर बदलण्याची संधी आली, मी एक प्यादं गमावून घेतली. हत्ती आणि उंट विरुद्ध हत्ती आणि घोडा, तो एका प्याद्याने पुढे, थोड्या वेळाने दोनने. पाहणाऱ्या कुणालाही सांगता आलं असतं की डाव त्याचा आहे. पण त्याच्याकडे 14 सेकंद होते आणि माझ्याकडे 50. मी शह देत राहिले. निरुपयोगी शह, ज्यांतून काही साधत नव्हतं, फक्त राजाला प्रत्येक वेळी दोन-तीन घरांतून एक निवडावं लागत होतं. 6 सेकंद. त्याने आगाऊ चाली लावायला सुरुवात केली, म्हणजे माझी चाल होण्याआधीच आपली नोंदवून ठेवायची. एकदा त्याने माझा हत्ती परत मारण्याची चाल आगाऊ लावली असणार, कारण मी मारायच्या ऐवजी उंटाने शह दिला आणि त्याची चाल रद्द झाली, त्यात त्याचा एक सेकंद गेला. त्याचं घड्याळ शून्यावर आलं तेव्हा त्याचं प्यादं वजीर व्हायला दोन घरं बाकी होती. मला 4 गुण.

असा विजय खरा का, असं यजमानांनी विचारलं. ते संथ खेळाचे. माझं उत्तर ठाम आहे: खरा. घड्याळ पटाबाहेरची वस्तू नाही. ज्याने दीड मिनिट सोडून दिलं त्याने जाणून सोडलं, तो मोबदल्यात गुण मागत होता. ज्यांना घड्याळाची मारामारी नको त्यांच्यासाठी 3+2 आहे, प्रत्येक चालीला दोन सेकंद वाढतात. ही वेळ वाढवत जाणाऱ्या घड्याळाची कल्पना बॉबी फिशरची. 1988 मध्ये त्याने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तशा घड्याळावर माझा तो डाव मी हरलेच असते, हेही तितकंच खरं.

सगळेच वरचे खेळाडू माणसं असतात असं मात्र नाही. काही जण बाजूच्या खिडकीत इंजिन लावून बसतात. ओळखायची खूण चालीत नसते, वेळेत असते. उंट मारला की कुणीही क्षणात परत मारतो. हा तिथेही चार सेकंद घेतो आणि सर्वात अवघड जागीही चारच. 2021 मध्ये विश्वनाथन आनंद यांच्याबरोबरच्या धर्मादाय सामन्यात एका बड्या उद्योजकाने बाहेरची मदत घेतली, नंतर ते स्वतःच कबूल केलं. मग माझ्यासमोरचा एखादा अनामिक कशाला मागे राहील? लिचेसवर असा कुणी पकडला गेला की त्याच्याशी हरताना गेलेलं रेटिंग परत मिळतं. निरोप सकाळी दिसतो. तेवढ्या दिवसापुरतं डबा भरतानाही बरं वाटतं.

आणि वीज. ज्वाला पेटलेली, समोर आयएम, आणि पंखा बंद पडतो. राउटर गेला की घड्याळ थांबत नाही. फोनचं हॉटस्पॉट लावेपर्यंत डाव गेलेला असतो. याची तक्रार करायला मला तोंड नाही, कारण 30 ऑगस्ट 2020 रोजी ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम लढतीत रशियाविरुद्ध निहाल सरिन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचीही जोडणी तुटली आणि दोघं वेळेवर हरली. नाशिकचा विदित गुजराथी कर्णधार होता. भारताने दाद मागितली आणि दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं गेलं. मला कोण देणार? पण तीच दिव्या 2025 च्या जुलैमध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकली, आणि कोनेरू हंपीविरुद्धचा निकाल लागला तोही संथ डाव बरोबरीत सुटल्यावर, जलद डावांतच. आमच्या घरी त्या संध्याकाळी टीव्हीवर मालिका लागली नाही.

लोकलमध्ये खेळण्याचाही काळ येऊन गेला. ठाण्याहून परतताना जलद गाडी तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायची आणि आत शिरताच रेंज गायब. त्यामुळे नियम असा, की ठाणं सोडल्यावर बोगदा मागे पडेपर्यंत डाव लावायचा नाही. दिवा दिसलं की लावायचा, म्हणजे डोंबिवलीच्या फलाटाआधी तीन मिनिटांचा एक डाव बसतो. 2022 मध्ये पाचवी-सहावी मार्गिका झाली आणि जलद लोकल मुंब्रा-कळव्याच्या बाजूने जाऊ लागल्या, तेव्हा रेंजचा प्रश्न सुटला. मी मात्र गाडीत खेळणं सोडलं. खांद्याला धक्का लागून वजीर एक घर अलीकडे पडतो, आणि महिलांच्या डब्यात आठच्या गर्दीत मोठ्याने हळहळलं की चौघी वळून बघतात.

माझं रेटिंग फार वाढलेलं नाही. पण हरण्याचा प्रकार बदलला. पूर्वी मी बाविसाव्या-पंचविसाव्या चालीला मोहरा गमावून हरायचे, आता पन्नासाव्या चालीला प्याद्याने हरते, आणि दोघांच्याही घड्याळात शेवटचे सेकंद उरलेले असतात. नववीतला तो मुलगा आता दहावीत गेल्यामुळे त्याच्या आईने त्याचं खातं बंद ठेवलंय. एका शनिवारी दुपारी तो आला, आम्ही लाकडी पटावर घड्याळाशिवाय खेळलो, आणि त्याने मला सोळा चालींत हरवलं. लंडनवर त्याच्याकडे काहीतरी नवीन होतं. ते अजून माझ्या पुरतं लक्षात आलेलं नाही.

ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांना सांगते: खातं फुकट आहे, जाहिराती नाहीत. फोनवर खेळू नका, माऊस घ्या. आधी 3+2 ने सुरुवात करा. प्रत्येक डावानंतर निदान वेळेचा आलेख तरी उघडा. चाली नंतर पाहिल्या तरी चालतील. दुसऱ्या दिवशी सकाळची 7.40 पकडायची असेल तर बारानंतर नवा डाव लावू नका. आणि दोन विजयांनंतर नारिंगी अक्षरांचा माणूस समोर आला म्हणून अरीना सोडू नका. त्याने बर्सर्क दाबलं असेल, तर तुमच्याकडे त्याच्या निदान दुप्पट वेळ आहे.