अठरा फुटांचा उतार

"आपल्या मंडळीत अशी मुलंच नाहीत," असं पास्टरेट कमिटीच्या बैठकीत एका वडीलधाऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं. खरंच होतं ते. उपासनेला एकही येत नव्हतं. पण मी आठवडाभर नगरमधल्या एका विशेष शाळेत शिकवते आणि आमच्याच मंडळीतल्या घरांमधली मुलं माझ्यासमोर बसतात. रविवारी त्यांची आई तरी चर्चला येते, नाहीतर वडील. दोघं बरोबर दिसत नाहीत, कारण एकाला घरी थांबावंच लागतं.

म्हणून आधी त्या घरांत गेले. सलाम झाला, चहा झाला, मग विचारलं, मंडळीकडून तुम्हाला काय हवंय? बार्तीमयालाही येशूनं हेच विचारलं होतं. आंधळ्याला काय हवं असणार हे उघड दिसत असताना. एक आई म्हणाली, "ताई, आता प्रार्थना नको. एक तास निवांत बसायला मिळू दे." तिच्या मुलाच्या डोक्यावर इतक्या जणांनी हात ठेवून बरं होण्याची प्रार्थना केली होती, की परका हात जवळ आला तरी तो किंचाळायचा. त्यात कुणीतरी हळूच आईबापाच्या पापाचा विषय काढायचंच. योहानाच्या नवव्या अध्यायात येशूनं शिष्यांचा नेमका हाच प्रश्न खोडून काढलाय. तो अध्याय आम्ही उपासनेत वाचतो, त्यावर उपदेश ऐकतो, आणि बाहेर चहाच्या टेबलाशी परत तेच विचारतो.

आपला इतिहास तसा मोठा आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्डबाईंनी 1900 साली मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. केडगावला पंडिता रमाबाईंनी अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन उभं केलं. वर्धापनदिनाच्या भाषणांत हे आम्ही अभिमानानं सांगतो. पण ते सगळं चर्चच्या भिंतीबाहेरचं काम. शाळा काढली की रविवारी आपल्या बाकावर शेजारी कोण बसेल, हा प्रश्न पडत नाही.

पाळकसाहेबांनी या मुलांसाठी वेस्ट्रीशेजारची खोली दिली. कमिटीची मंजुरी लगेच मिळाली; महिला मंडळाची पातेली तिथून हलवायला मात्र पावसाळा उलटला. भिंतीवर चित्रांचा तक्ता लावला: गाणं, प्रार्थना, गोष्ट, खाऊ, घर. पुढं काय होणार हे दिसलं की स्वमग्न मुलाची निम्मी भीती जाते. पालकांकडून एक कागद भरून घेतला: कशानं घाबरतो, कशानं शांत होतो, काय खात नाही, फिट येते का. तरुण संघातल्या मुलामुलींना तयार केलं. एका मुलासोबत एक जण, पण खोलीत कायम दोन मोठी माणसं आणि दार उघडं. फिट आली तर कांदा हुंगवायचा नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर 108 लावायचा. कांद्यावरून एका आजींशी बराच वाद झाला.

खोली मिळाल्यावर एक नवंच संकट आलं. सगळ्यांना वाटलं, प्रश्न सुटला, मुलं आता तिकडेच बसतील. मी हट्ट धरला की पहिलं गीत आणि शेवटचा आशीर्वाद सगळ्यांबरोबर, मधे मूल थकलं तर खोली. ढोलकी आणि कीबोर्ड एकदम सुरू झाले की काहींना कानांवर हेडफोन लागतात. ते दाराशी टोपलीत ठेवले. उपदेशाच्या वेळी आवाज होतो, अशी तक्रार पाळकसाहेबांपर्यंत गेली. पुढच्या रविवारी ते पुलपिटावरून एवढंच म्हणाले, "आवाज होणार. मी जरा मोठ्यानं बोलेन."

आता अडलंय ते चर्चच्या पायऱ्यांशी. तीनच आहेत, मिळून उंची दीड फूट. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा लागतो, म्हणजे अठरा फूट, आणि तेवढ्या लांबीत सध्या स्कूटरी उभ्या असतात. कमिटीतल्या एका भावांनी मार्काच्या शुभवर्तमानातला दाखला दिला: चौघांनी त्या पक्षघाती माणसाला छप्पर उसकटून येशूपुढे सोडलंच ना, मग आपली पोरं उचलतील की! शास्त्राचा असा उपयोग मी याआधी ऐकला नव्हता. त्या दिवशी सेरेब्रल पाल्सी असलेली आमची एक मुलगी आईबरोबर अंगणात होती. बाहेर आल्यावर मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मोठी झाले मी आता. मला उचललेलं आवडत नाही. आणि त्यांनी छप्पर काढलं होतं ना? आपण नुसत्या स्कूटरी काढायच्यात."

विषय पुढच्या बैठकीत परत आहे. मापाचा कागद मी करून ठेवलाय. ती मुलगी स्वतः येऊन बोलणार म्हणते. बैठक नेहमी वरच्या मजल्यावर भरते. यावेळी ती खाली घ्या, असं सेक्रेटरींना लेखी कळवलंय.