कलादालनातले रहिवासी

लहान गावातील कलादालनाला महानगरातील संग्रहालयाच्या मापाने मोजता येत नाही. महानगरात संग्रहपाल, संवर्धक (म्हणजे कलावस्तूंची झीज थोपविणारा तज्ज्ञ), पहारेकरी आणि हिशेबनीस हे वेगवेगळे असतात. लहान गावात ही सारी कामे एकाच चालकाकडे येतात आणि त्याला झाडूही स्वतःच हाती घ्यावा लागतो. सातारा जिल्ह्यातील औंध येथे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेले श्रीभवानी चित्रसंग्रहालय, ज्यात राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूर यांच्या शिल्पापर्यंतचा ठेवा आहे, हे छोट्या गावालाही श्रेष्ठ कला पेलते याचे ठसठशीत उदाहरण होय. मात्र त्याच्या पाठीशी संस्थान होते. ज्या दालनाला असा राजाश्रय नाही, त्याला बहुधा चालकाचे घरच आसरा देते, पुढल्या खोल्यांत चित्रे आणि मागे संसार अशी मांडणी होते, आणि घर म्हटले की मांजर किंवा कुत्रा ओघानेच येतो.

या सहवासातील अडचण खरी आहे आणि ती लाडात झाकून ठेवू नये. जलरंगातील व कागदावरील चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देऊ नये, असा संवर्धनशास्त्राचा प्रचलित दंडक आहे. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाच्या मोजमापाचे एकक. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेली वाफ, बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशी धरू लागते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती ही मर्यादा केव्हाच ओलांडते. त्यात जनावरांचे केस फटींमध्ये साचतात. लोकर, पिसे आणि केस यांवर जगणाऱ्या किड्यांच्या अळ्यांना तेथे आयते अन्न मिळते, आणि एकदा वस्ती झाली की त्या लोकरी विणकामाकडे किंवा पिसांच्या कलाकृतीकडे वळायला वेळ लावत नाहीत. दुसरीकडे उंदरांचा उपद्रवही तितकाच खरा असतो, कारण ते कागद, कॅनव्हास आणि फ्रेमच्या मागचा पुठ्ठा सारखेच कुरतडतात. विष घालून मारलेला उंदीर भिंतीच्या पोकळीत कुजला, तर त्याच किड्यांचे फावते. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयाने यावर काढलेला तोडगा जुना आहे: १७४५ मध्ये सम्राज्ञी एलिझाबेथने राजवाड्यासाठी मांजरे आणण्याचा हुकूम काढला, आणि आजही तेथील मांजरांचा मुक्काम तळघरात असतो, चित्रांच्या दालनांत त्यांना प्रवेश नसतो. दोन खोल्यांच्या दालनाला तळघर कुठले असणार? तेथे दार लावण्याची शिस्त, रोजचे केर काढणे आणि फ्रेम भिंतीपासून किंचित पुढे टांगणे, एवढीच साधने हाताशी राहतात.

तरीही प्राण्याची बाजू केवळ उंदीर मारण्यापुरती नाही. लहान गावात चित्रांपेक्षा दालनाच्या उंबरठ्याचीच भीती अधिक असते. आपल्याला यातले काही कळत नाही, आत गेलो तर विकत घ्यावे लागेल, चप्पल कुठे काढायची, अशा शंकांनी माणूस बाहेरच घुटमळतो. दारात पहुडलेल्या मांजराशी बोलायला मात्र कोणाला कलेची जाण लागत नाही, आणि त्या बोलण्याच्या ओघात तो आत आलेला असतो. जपानमधील ओनोमिची या डोंगरउतारावरच्या बंदरगावातील नगर कलासंग्रहालय, ज्याची नवी वास्तू ताडाओ आंडो यांनी रचली आणि जे २००३ मध्ये त्या रूपात खुले झाले, याची साक्ष देते. तेथे एक काळा बोका आणि पुढे त्याच्या जोडीला एक तांबूस मांजर वारंवार आत शिरू पाहत, आणि पहारेकरी त्यांना दरवेळी अदबीने बाहेर वळवत असे. या रोजच्या नम्र नकाराची दृश्ये देशोदेशी पाहिली गेली. पहारेकऱ्याने नियम मोडला नाही आणि जनावराचा अवमानही केला नाही. संग्रहाची राखण आणि पाहुण्याचे आतिथ्य एकाच माणसाला एकाच क्षणी करता येते, हे त्या दारात दिसले.

आम्स्टरडॅमचे काटेनकाबिनेट १९९० मध्ये एका गृहस्थाने आपल्या दिवंगत बोक्याच्या स्मरणार्थ कालव्याकाठच्या घरात सुरू केले. तेथे मांजरांविषयीच्या कलाकृतींसोबत जिवंत मांजरेही वावरतात. फ्लोरिडातील की वेस्ट येथील हेमिंग्वे यांच्या घर-संग्रहालयाचे प्रकरण अधिक बोलके आहे. तेथील मांजरे, ज्यांतील अनेकांच्या पंजांना नेहमीपेक्षा जास्त बोटे असतात, ही प्रदर्शनाचाच भाग ठरतात आणि म्हणून प्राणिकल्याणाचा संघराज्याचा कायदा त्यांना लागू होतो, असा निकाल २०१२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने दिला. निकाल कोणाला जाचक वाटो, त्यामागील तत्त्व योग्यच आहे: ज्या जिवामुळे लोक येतात, त्याच्या सोयीची जबाबदारी दालनावरच पडते. त्यामुळे प्रेक्षकांच्या हातांपासून दूर असा एक कोपरा त्याच्यासाठी राखणे हे चित्रांना प्रकाशापासून जपण्याइतकेच चालकाचे काम ठरते. दालनाला साप्ताहिक सुट्टी असली तरी त्याच्या जेवणाला ती नसते.

याची कसोटी आपत्तीत लागते. २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळ आले तेव्हा की वेस्ट रिकामे करण्याचा आदेश असतानाही त्या घरातील काही कर्मचारी मांजरांसह तेथेच थांबले. चिपळूणमध्ये २००५ आणि पुन्हा जुलै २०२१ च्या महापुरात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंग्रहाची झालेली हानी महाराष्ट्राने पाहिली आहे. पुराच्या काठावर वसलेल्या प्रत्येक दालनाने आधी काय वर उचलायचे, मग काय, अशी क्रमवार यादी लिहून ठेवणे आवश्यक असते, कारण पाणी शिरू लागल्यावर निवड करण्याइतके भान उरत नाही. त्या यादीत चित्रांच्या आधी जनावराचे नाव, त्याला नेण्याची टोपली कुठे ठेवली आहे आणि ते कोणाच्या घरी पोहोचवायचे, एवढे तरी नोंदलेले असावे.