अक्षतांचा बिट रेट

मंडळी, हा लेख अर्धा तांत्रिक आणि अर्धा घरगुती आहे. ज्यांच्या माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी व्हीएचएस कॅसेटी पडून आहेत, त्यांना तांत्रिक भाग उपयोगी पडेल. आमच्या नातेवाईकांनी तो भाग गाळून वाचला तरी चालेल, पण शेवटचा परिच्छेद मात्र गाळू नका. तिथे तुमच्याकडे काम आहे.

जुना व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेऊन त्याची फाईल करायला बसलं की प्रोग्रॅम दोन प्रश्न विचारतो. बिट रेट किती ठेवू? फ्रेम रेट किती ठेवू? बहुतेक जण समोर जो आकडा दिसतो त्यावर ‘ओके’ म्हणून चहा घ्यायला उठतात. मीही लोकांना तेच सांगितलं असतं, पण गेलं वर्षभर घरच्या अकरा कॅसेटींशी झटापट केल्यावर माझं मत झालंय की हे प्रश्न दिसतात तितके कोरडे नाहीत. यातलं किती विसरलं तर चालेल, असंच तो प्रोग्रॅम आपल्याला विचारत असतो.

आधी बिट रेट. हिशोब शाळेतला आहे. एका सेकंदाच्या चित्रावर किती बिट खर्च करायचे तो बिट रेट. आठ बिटचा एक बाइट. सेकंदाला ६००० किलोबिट म्हटले तर तासाला ६००० गुणिले ३६०० भागिले ८, म्हणजे साधारण २.७ जीबी. तीन तासांच्या लग्नाची कॅसेट असेल तर ८ जीबीच्या आसपास. आज ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हच्या जमान्यात हे काहीच नाही. पण एके काळी सगळं सीडीत कोंबावं लागायचं.

व्हीसीडीचं मानक १९९३ सालचं. गाण्याच्या सीडीच्या वेगातच चित्र आणि आवाज दोन्ही बसवायचे होते, म्हणून चित्राला ११५० किलोबिट आणि आवाजाला २२४, असा कायमचा वाटा ठरलेला. चित्रही लहान, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. एका सीडीत ७४ मिनिटं. धाकट्या मावशीचं लग्न डिसेंबर १९९१ मध्ये मिरजेला झालं, त्याची तीन तासांची कॅसेट मामाने २००१ साली व्हीसीडीवर करून घेतली. तीन सीड्या झाल्या. त्या काळी घरोघरी व्हीसीडी प्लेअर होते, त्यामुळे यापेक्षा चांगला मार्ग नव्हताच. आईने कौतुकाने पंधरा घरी संच वाटले.

आता एन्कोडर काम कसं करतो ते बघा. तो प्रत्येक फ्रेम नव्याने लिहून काढत नाही. चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि बघतो, की हा चौकोन मागच्या फ्रेममध्ये कुठे होता? तिथेच असेल तर ‘वरीलप्रमाणे’ असा शेरा मारून पुढे जातो. सरकला असेल तर किती सरकला आणि काय बदललं, एवढंच लिहितो. मधून मधून एक अख्खी फ्रेम लिहून ठेवतो. एखाद्या मुरलेल्या कारकुनासारखं काम आहे त्याचं!

गुरुजी मंगलाष्टकं म्हणतायत, अंतरपाट धरलाय, मागे मांडवाचं कापड. सगळं वरीलप्रमाणे. कारकून निवांत. मग शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट दूर होतो, बँड सुरू होतो आणि दोनशे माणसं एकदम अक्षता टाकतात. अक्षतेचा प्रत्येक दाणा आपल्या वाटेने उडतो. मागच्या फ्रेममध्ये तो तिथे नव्हता, पुढच्या फ्रेममध्ये नसेल. त्यात फोटोग्राफरचा फ्लॅश, म्हणजे सगळ्या चित्राचा उजेड क्षणात बदलणार. ‘वरीलप्रमाणे’ लिहायला काही उरतच नाही. कारकुनाला नेमके याच सेकंदाला भरपूर बिट हवे असतात आणि व्हीसीडीत त्याच्या हातात तेच ११५० किलोबिट टेकवलेले असतात. मग तो चेहरे सोडून देतो, काठ-पदर सोडून देतो, आणि पडद्यावर नुसते चौकोन उरतात. तीन तासांची कॅसेट ज्या एका क्षणासाठी काढली, नेमका तोच क्षण फुटतो.

आमच्या घरी या चौकोनांना एक विशेष अर्थ होता. आजोबा १९९३ साली गेले. त्यांचं हलतं चित्र जगात फक्त या कॅसेटवर आहे. तीन तासांत ते पुष्कळदा दिसतात, पण बहुतेक वेळा पाठमोरे. आचाऱ्याशी बोलताना, खुर्च्या मोजताना, कोणाला तरी पंगतीकडे हात करताना. समोरून, तोंडावर दिव्याचा उजेड असताना ते एकदाच दिसतात. अंतरपाट दूर झाल्यावर, मावशीच्या मागे. व्हीसीडीत त्या जागी चार-पाच तपकिरी चौकोन होते. वीसेक वर्षं आम्ही त्या चौकोनांकडे बोट दाखवून ‘हे बघ आजोबा’ म्हणत आलो.

गेल्या वर्षी मूळ कॅसेट कॅप्चर कार्डावरून नव्याने घेतली. बिट रेटचा हात अजिबात आखडला नाही. चौकोनांच्या जागी आजोबा निघाले. एका हातात उपरण्याचं टोक घेऊन चष्मा पुसतायत. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली. भोवती सगळे अक्षता टाकतायत आणि यांची मूठ काही उघडत नाही. आईने ते सात-आठ सेकंद किती वेळा बघितले कोणास ठाऊक. मग मावशीला फोन लावून म्हणाली, “अगं, अण्णांनी अक्षता टाकल्याच नाहीत. मुठीतच राहिल्या.” आजी त्या वेळी रीतीप्रमाणे मंगलाष्टकं न ऐकता तुळशीला पाणी घालत होती. म्हणजे हे तिनेही कधी पाहिलं नव्हतं. तेहतीस वर्षं ही गोष्ट कॅसेटवर होती आणि घरात एकालाही माहीत नव्हती.

असो. मुद्द्यावर येतो.

ठरावीक बिट रेट म्हणजे घरखर्चाला रोज मोजून तेवढेच रुपये, मग एकादशी असो की दिवाळी. त्यापेक्षा प्रोग्रॅममध्ये ‘कायम दर्जा’ हा पर्याय असतो तो घ्यावा. एक्स२६४ नावाच्या एन्कोडरमध्ये त्याला सीआरएफ म्हणतात. आकडा ० ते ५१, जितका लहान तितका दर्जा चांगला. न सांगता तो २३ धरतो. मी १८ ठेवतो. साधारण ६ ने आकडा उतरवला की फाईल दुप्पट होते, हे ध्यानात ठेवलं की पुरे. मग मंगलाष्टकांना कमी खर्च आणि अक्षतांना जास्त, हे एन्कोडर आपणच बघतो. फाईल अमुक आकारातच बसवायची असेल तर दोन फेऱ्यांची पद्धत घ्या. तो पहिल्या फेरीत सगळं नुसतं बघून घेतो आणि दुसऱ्या फेरीत बिट वाटतो. यादी करून बाजारात जावं तसं.

एक गंमत सांगतो. कॅसेट जितकी झिजलेली, तितकी फाईल मोठी होते. टेपवरची मुंग्यांसारखी वळवळ एन्कोडरला दर फ्रेमला नवीन वाटते आणि तो इमानेइतबारे लिहून काढतो. यावर उपाय म्हणून ती वळवळ पुसणारे फिल्टर असतात. हलका हात ठेवलात तर छान काम करतात. पण जोर लावला की ते पैठणीची जर आणि आजीच्या सुरकुत्या यांनाही मुंग्या समजतात. सगळ्या बायका एकदम तुळतुळीत दिसायला लागल्या की समजावं, फिल्टर जास्त झालाय.

आता फ्रेम रेट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणून आपल्या कॅसेटींवर सेकंदाला २५ फ्रेम. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं, पण खरी मेख पुढे आहे. त्यातली प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते. आधी एकाआड एक ओळींचं एक अर्धं चित्र, मग एक पन्नासांश सेकंदाने राहिलेल्या ओळींचं दुसरं. म्हणजे कॅमेऱ्याने सेकंदाला पन्नास वेळा डोळा उघडलेला असतो. जुना टीव्ही ही अर्धी चित्रं एकामागून एक दाखवायचा. आजचा पडदा पूर्ण चित्र मागतो. दोन्ही अर्धी तशीच जोडली की हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना फणीचे दात दिसतात. ते घालवायला बरेच प्रोग्रॅम एक अर्धं फेकून देतात किंवा दोन्हींची खिचडी करतात. आकडा २५ चा २५ राहतो, त्यामुळे सगळं नीट झालंय असं वाटतं. प्रत्यक्षात हालचालीचे निम्मे क्षण गेलेले असतात.

हे मला कळलं ते मामीच्या मंगळागौरीच्या कॅसेटवर. श्रावण, १९९६. आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि अशा बाईने त्या दिवशी कोपऱ्यात बसायची रीत तेव्हा आमच्याही घरात पाळली जात होती. रात्री खेळ रंगले आणि मामीने, नव्या सुनेने, सरळ आजीच्या हाताला धरून तिला उठवलं. आजीने एकदा इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला आणि फुगडी धरली. नऊ फेरे! २५ फ्रेमच्या फाईलमध्ये त्या फुगडीत दोन बायकांच्या जागी चार हातांचा धूसर भोवरा दिसतो. मग ‘बॉब’ नावाचा पर्याय घेतला. तो दर अर्ध्या चित्राची एक पूर्ण फ्रेम करतो, म्हणजे सेकंदाला ५०. फुगडी एकदम मोकळी झाली. आजी प्रत्येक फेऱ्याला मान मागे टाकून हसतेय हे स्वच्छ दिसतं. मामी, तू हसत नाहीयेस. तू तिचे पाय सांभाळतेयस.

अमेरिकेच्या काकाने १९९८ च्या सुट्टीत आणलेल्या हाय-एट कॅसेटी मात्र एनटीएससीच्या. तिथे सेकंदाला ३० म्हणतात, पण खरा आकडा २९.९७. १९५३ साली तिथे टीव्हीत रंग बसवताना आवाजाशी भांडण नको म्हणून वेग किंचित कमी केला, तो तसाच राहिला. घरात सूचना आली की सगळं एकत्र जोडून एकच सिनेमा कर. नाही करणार. पंचवीसच्या तीस करायच्या तर दर सेकंदाला पाच फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात आणि चालणारा माणूस अडखळत चालतो. मिरजेची फाईल पालचीच राहील, काकाची एनटीएससीचीच. बॉब केल्यावर एक ५० ची आणि दुसरी ५९.९४ ची. आजचे प्लेअर दोन्ही बिनतक्रार चालवतात.

भाच्याची सूचना आणखी पुढची. “मामा, एआयने मधल्या फ्रेम तयार करून घे ना, चेहरेही शार्प होतील.” करून पाहिलं. दिसतं सुरेख. पण आजोबांच्या चेहऱ्याला ज्या पापण्या आल्या त्या त्यांच्या नव्हत्या, कॉम्प्युटरने कुठल्या तरी हजारो चेहऱ्यांवरून बेतलेल्या होत्या. मधल्या फ्रेममधला हात कोणी हलवलेलाच नव्हता. गमतीखातर ठीक आहे, त्याला मी नाही म्हटलं नाही. पण तशी फाईल मूळ म्हणून ठेवायची नाही, एवढं आमच्यात ठरलंय. अस्पष्ट का असेना, जे झालं तेच असावं.

थोडक्यात माझे नियम असे. कॅसेट एकदाच चालवायची आणि तेव्हाच शक्य तितकी मोठी, शक्य तितकी कमी दाबलेली फाईल घ्यायची. ती मूळ प्रत, अर्ध्या चित्रांसकट, दोन वेगळ्या डिस्कवर आणि दोन वेगळ्या घरांत. वाटायच्या लहान प्रती दर वेळी या मूळ प्रतीवरून काढायच्या, प्रतीची प्रत काढायची नाही, कारण प्रत्येक वेळी थोडं सांडतं. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, म्हणजे वाटेत आणखी दाबलं जात नाही. आणि घाई करा. नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६ साली थांबली. आता जे आहेत ते जुनेच, आणि तेही दर वर्षी कमी होतायत.

आता नातेवाईकांसाठी. लहान प्रती पुढच्या आठवड्यात पाठवतो. कुणाकडे आणखी कॅसेटी असतील तर टाकू नका, बुरशी दिसली तरी टाकू नका आणि चालवूनही बघू नका. तशाच माझ्याकडे धाडा. आणि बघताना एक वही घेऊन बसा. अक्षतांच्या गर्दीत आजोबांच्या डावीकडे निळ्या सफारीतला एक उंच माणूस आहे, त्याने आजोबांच्या खांद्यावर हात ठेवलाय. आता त्याचा चेहरा अगदी स्पष्ट दिसतो. आईला तो आठवत नाही, मावशीला आठवत नाही. बिट रेट कितीही वाढवला तरी त्याचं नाव काही निघत नाही. कुणाला माहीत असेल तर लगेच कळवा.