झाडूचं पान

मार्व्हल चॅम्पियन्स या पत्त्यांच्या खेळात गडी एकमेकांविरुद्ध बसत नाहीत. एकापासून चारापर्यंत जण एकाच बाजूने खेळतात. समोरचा खलनायक कोणाच्याच हातात नसतो. त्याच्या गठ्ठ्यातून पानं उलटत जातात आणि संकटं येत राहतात. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. अमेरिकेतल्या फँटसी फ्लाइट गेम्सने 2019 साली हा खेळ काढला तेव्हा पेटीत पाच नायक होते: स्पायडर-मॅन, आयर्न मॅन, कॅप्टन मार्व्हल, शी-हल्क आणि ब्लॅक पँथर. मग एकेका नायकाची छोटी पाकिटं येत गेली. दिवाळीच्या सुट्टीत भाची पुण्याहून पारनेरला येते ती हा सगळा पसारा घेऊन, आणि ओसरीवर सतरंजी अंथरून आम्ही तासन्‌तास खेळतो.

खेळात नवी पात्रं घालण्याची हौस आपल्याकडे जुनीच. मोगली गंजिफा आठ रंगांचा, 96 पानांचा. सावंतवाडीचे चितारी रंगवतात तो दशावतारी गंजिफा दहा रंगांचा, 120 गोल पानांचा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचा एक रंग. ती पानं हातात घेतली की खाली ठेववत नाहीत. पण त्या खेळात अवतार एकमेकांवर मात करतात. रामाची पानं कृष्णाच्या मदतीला येत नाहीत. भाचीच्या खेळात येतात, म्हणून मला तो लागला.

नव्या नायकाच्या पाकिटात साठ पानं असतात. त्यातली पंधरा फक्त त्याची, दुसऱ्या कोणाला न चालणारी. पण माझं लक्ष खिळलं ते वेगळ्याच पानांवर. प्रत्येक नायकाबरोबर त्याचा खास वैरी येतो, आणि एक बंधनाचं पानही येतं. स्पायडर-मॅनच्या बंधनावर घर खाली करण्याची नोटीस असते. शी-हल्कला वकिलीची कामं, कॅप्टन मार्व्हलला घरची अडचण, ब्लॅक पँथरला राज्यकारभार. हे पान खलनायकाच्या गठ्ठ्यात मिसळून ठेवायचं, आणि ते ऐन लढाईत निघतं. म्हणजे नवा गडी आला की बळ वाढतं, तशी त्याच्या घरची काळजीही सगळ्यांच्या डावात येते. ती नको आणि तो हवा, असं चालत नाही.

दुसरा नियम याहून कठोर. एखादं पान खेळायचं तर त्याची किंमत हातातल्याच दुसऱ्या पानांनी द्यायची. चांगली पानं टाकल्याशिवाय चांगलं पान खेळताच येत नाही.

हा नियम समजून घेताना मला सेनापती बापट आठवले. पांडुरंग महादेव बापट आमच्या पारनेरचे; जन्म 12 नोव्हेंबर 1880. डेक्कन कॉलेजात शिकले, शिष्यवृत्ती मिळवून यंत्रविद्या शिकायला एडिंबरोला गेले. तिथे ब्रिटिश राज्याविरुद्ध बोलले आणि शिष्यवृत्ती गेली. पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या मिळवून 1908 साली परतले, पण अलीपूर खटल्यात माफीच्या साक्षीदाराच्या तोंडून त्यांचं नाव फुटलं आणि अज्ञातवास नशिबी आला. 1912 साली पकडले गेले. एक पान खेळायला किती पानं टाकली या माणसाने!

“मामा, मग त्यांचंच पाकीट करूया ना,” भाची म्हणाली. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या जाड कागदाची पानं कापली आणि आम्ही कामाला लागलो.

नायकाचं मुख्य पान दुहेरी असतं. एका बाजूला साधा माणूस, दुसऱ्या बाजूला नायक. डाव चालू असताना ते उलटता येतं. साध्या बाजूला जखमा भरून निघतात, पण तोवर खलनायकाचं कारस्थान पुढे सरकतं. नायक होऊन उभं राहिलं की घाव थेट अंगावर येतो. घरी बसावं तर कट वाढतो, मैदानात उतरावं तर मार बसतो. या खेळातली सगळ्यात खरी गोष्ट मला हीच वाटते.

भाचीने पेन्सिलीने एका बाजूला झाडू काढला, दुसऱ्या बाजूला बॉम्ब. पारनेरात बापट पहाटे झाडू घेऊन गावचे रस्ते झाडत, ही गोष्ट तिला मीच सांगितली होती. तिच्या हिशेबाने झाडूची बाजू साध्या माणसाची, विश्रांतीची. मी मात्र अडून बसलो. झाडू नायकाच्याच बाजूला हवा.

माझं म्हणणं खेळाच्या नियमांतूनच निघालं होतं. नायकाला मुख्य कामं तीन: हल्ला करणं, बचाव करणं आणि कट रोखणं. खलनायकाच्या कारस्थानावर दर फेरीला धोक्याच्या सोंगट्या चढत जातात. आकडा भरला की नायक कितीही धडधाकट असोत, सगळे हरतात. कट रोखणं म्हणजे त्या सोंगट्या एक-दोन करत उतरवणं. त्यात खलनायकाला खरचटतही नाही. नवखे गडी म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष करतात आणि हरतात. गावच्या रस्त्यावरची घाण, आणि ती उचलणाऱ्याला हीन मानणारी गावाची रीत, ही रोज चढणारी सोंगटी होती. बापट ती रोज उतरवत होते. 1920 साली मुंबईतल्या झाडूवाल्या कामगारांच्या लढ्यात ते उभे राहिले ते याच वाटेने. बॉम्बने एक शत्रू पडला असता. झाडूने साऱ्या गावावरचा भार हलका होत होता.

भाचीला पटलं. तिने आकडे लिहिले: हल्ला एक, बचाव दोन, कट रोखणं तीन. हल्ल्याच्या एकाबद्दल तिला जरा वाईट वाटलं, पण तिने तो खोडला नाही.

मदतनीसांची पानं भराभर झाली: मुळशी सत्याग्रहातले साथीदार शंकरराव देव आणि विनायकराव भुस्कुटे, आणि मुळशीचे मावळे. या खेळात मदतनीस कामाला आला की बहुधा त्यालाही थोडी इजा होते, आणि दोन-तीन फेऱ्यांत तो डावातून जातो. मावळ्यांच्या पानावर तो नियम लिहिताना भाचीचा हात रेंगाळला. तो टाळून चालणार नव्हतं. मुळशीला नीळा-मुळेच्या संगमावर टाटा कंपनीचं धरण होणार होतं, वीज मुंबईला जाणार होती आणि पाणी यांच्या भातखाचरांवर चढणार होतं. सत्याग्रहात तुरुंग आणि मार त्यांनी सोसला. बापट सेनापती झाले ते या लोकांमुळे. पुढे आगगाडी अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, 1931 साली सुटले. बंधनाच्या पानावर आम्ही लिहिलं, “पारनेरचं घर.” त्या सात वर्षांत ते घर मागेच राहिलं होतं.

उरलं ते मुळशीच्या कारस्थानाचं पान. इथे भाची अडली. धरण तर झालं, गावं पाण्याखाली गेली. मग हा डाव जिंकता येईल असा लिहायचा, की हरण्याचाच?

मी म्हणालो, जिंकता यायलाच हवा. 1921 च्या रामनवमीला ती माणसं धरणाच्या कामावर जाऊन बसली तेव्हा निकाल त्यांना कुठे माहीत होता? हरायचंच आहे म्हणून कोणी बायकापोरांसह उन्हात बसत नाही.

तिने बराच वेळ हिशेब केला. किती फेऱ्या, फेरीला किती सोंगट्या, झाडूने त्यातल्या किती उतरतील. शेवटी धोक्याचा असा आकडा बसवला की बापटांचा गठ्ठा घेऊन एकटा गडी कितीही चांगला खेळला तरी तीन सोंगट्यांनी कमी पडतो. चौघे बसले तर जमतं. तिने शेजारच्या दोघांना हाक मारली आणि माझ्यासमोर मावळ्यांची पानं सरकवली.