जोडीनं बघायचे सिनेमे

चांगल्या सिनेमांची यादी मागणाऱ्याला मी यादी देत नाही. यादी फोनमध्ये जपून ठेवली जाते आणि रात्री जेवणं झाल्यावर घरात पुन्हा तोच, सगळ्यांना पाठ असलेला सिनेमा लागतो. यात बघणाऱ्याचा दोष नाही. दिवसभर दमून आलेल्या माणसाला ‘हा अभिजात आहे, बघायलाच हवा’ असं सांगणं म्हणजे भुकेल्याच्या ताटात काढा वाढणं. म्हणून मी उलट विचारते, तुला आवडलेला एक सिनेमा सांग. नाव आलं की त्याला जोड शोधून देते. जोड जुनी असेल, परक्या भाषेतली असेल, काळीपांढरी असेल. पण ओळखीच्या सिनेमाचा हात धरून आली की माणूस ती बघतो.

ही सवय मला बाबांमुळे लागली. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी हिंदी सिनेमा लागायचा, तेव्हाची गोष्ट. वाड्यात ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओसरीपर्यंत माणसं बसायची. एका रविवारी ‘मेरा साया’ लागला. बायकोला अग्नी देऊन आलेला वकील, आणि पोलिसांनी पकडून आणलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी बाई. आम्ही पोरी पार गारठलो होतो. मागून बाबा शांतपणे म्हणाले, “हा आपल्याकडे आधी झालाय. राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’.”

‘पाठलाग’ मला बऱ्याच वर्षांनी बघायला मिळाला. 1964 चा. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा. डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना. हिंदी त्यानंतर दोनच वर्षांनी आला. हिंदीत उदयपूरचं तळं आहे, राजवाडा आहे, रंग आहेत, मदनमोहनची गाणी आहेत आणि साधना आहे. मराठीत यातलं काही नाही, त्यामुळे प्रेक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यातल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघण्यावाचून गत्यंतर नाही. शेवट ठाऊक असूनही मी अस्वस्थ झाले. रहस्यपट आवडणाऱ्यांना मी हीच जोडी देते, आधी हिंदी, मग मराठी. उलट क्रमानं बघितलं तर हिंदीतला महाल जरा जास्तच मोठा वाटायला लागतो.

‘संत तुकाराम’चं मात्र अवघड जातं. नाव काढलं की तरुण मंडळी हात जोडतात. माझी भाची म्हणाली होती, “मावशी, भक्तिपट नको गं.” तिला म्हटलं, तुकारामांसाठी बघू नकोस, त्यांच्या बायकोसाठी बघ. हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सभागृहात. पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस, आवाजाला खरखर, आणि सभागृहात हशा. होय, हशा. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा डोळे मिटून विठ्ठलात गढलेले असतात आणि गौरीची जिजाई घरात धान्य नाही, पोरं उपाशी आहेत, म्हैस आहे, तिचं काय करायचं ते बघत असते. ती नवऱ्याला बोलते, देवाला बोलते, आणि तिच्या प्रत्येक वाक्याला प्रेक्षकांतल्या बायका मान डोलावतात. पोरगं आजारी पडल्यावर ती थेट देवळात जाते आणि हातात वहाण घेऊन पांडुरंगाला जाब विचारते. हे 1936 साली, देवाधर्माच्या सिनेमात! आज असा प्रसंग लिहायला किती जण धजतील, याची मला शंका आहे.

दामले आणि फत्तेलाल हे दोघे दिग्दर्शक मूळचे तंत्रज्ञ. एकाची हुकमत आवाजावर, दुसऱ्याची नेपथ्यावर. कदाचित म्हणूनच त्यांनी संतावर भाषण ठोकलं नाही, त्याचं घर उभं केलं. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात हा सिनेमा नावाजला गेला. माझ्या आवडीची गोष्ट मात्र वेगळीच आहे. त्यातलं एक गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलं होतं. ते इतकं तुकोबांच्या वळणाचं उतरलं की जाणकार मंडळींनीही ते गाथेत शोधलं. भाचीनं सिनेमा बघितला, जिजाईवर खूश झाली, चमत्कारांच्या वेळी फोन बघत बसली. चालायचंच. पुढच्या आठवड्यात तिला जोड दिली ती उमेश कुलकर्णींच्या ‘देऊळ’ची. 2011 चा. गावातल्या एका साध्या पोराला दत्त दिसतो आणि बघता बघता गावात बाजार उभा राहतो. दोन्ही लागोपाठ पाहिले की पंचाहत्तर वर्षांत देव तिथंच राहिला आणि त्याच्याभोवतीची माणसं कुठल्या कुठं गेली, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आईसाठी जोडी शोधताना मात्र माझी कसोटी लागली. तिला ‘बागबान’ फार आवडतो. मुलं आईबापांची ताटातूट करतात आणि शेवटी बापाचं पुस्तक गाजून सगळ्यांची तोंडं बंद होतात. दर वेळी ती डोळे पुसते आणि दर वेळी माझ्याकडे बघते. मी तिला आधी ‘ऊन पाऊस’ दाखवला. तोही राजा परांजप्यांचाच, 1954 चा. मास्तर आणि त्यांची बायको, म्हातारपणी मुलांच्या घरी वाटून गेलेले. तो तिला आठवत होता. मग मी ‘टोकियो स्टोरी’ लावला. यासुजिरो ओझू, 1953. म्हातारा आणि म्हातारी दूरच्या ओनोमिचीहून मुलांकडे टोकियोला येतात. मुलं वाईट नाहीत, फक्त कामात आहेत. एक डॉक्टर, एकीचं ब्यूटी पार्लर. आईवडिलांचं करायचं काय, म्हणून त्यांना अतामीला गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडून देतात. तिथं रात्रभर तरुणांचा गोंगाट, म्हाताऱ्यांना झोप नाही. आस्थेनं करते ती एकटी नोरिको, युद्धात गेलेल्या मुलाची बायको.

खालच्या इंग्रजी ओळी वाचून मी आईला मराठीत सांगत होते. तिचा पहिला प्रश्न, “हे सारखे जमिनीवरून का दाखवतात?” ओझूचा कॅमेरा मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर असतो, यावर ग्रंथ लिहिले गेलेत. आईनं दोन मिनिटांनी स्वतःच उत्तर दिलं. “बरोबर आहे, खाली बसूनच बोलतायत ना सगळे.”

आई आजारी असल्याची तार येते तेव्हा पार्लरवाली मुलगी भावाला म्हणते, सुतकाचे कपडे बरोबर घेऊ या. हा प्रसंग बघून मला त्या मुलीचा संताप आला होता. आईला आला नाही. “काय चुकलं तिचं? एवढ्या लांबून पुन्हा पुन्हा येणं-जाणं होतं का? मी पण तुझ्या आजीच्या वेळी पांढरं पातळ पिशवीत घालूनच निघाले होते.” हे तिनं मला त्याआधी कधीच सांगितलं नव्हतं. ‘बागबान’मध्ये वाईट मुलं वाईट असतात आणि आपण चांगले ठरतो. ओझू तेवढी सोय ठेवत नाही. आईला अजूनही ‘बागबान’च जास्त आवडतो, आणि तसं ती मला तोंडावर सांगते.

भाचा वकिली शिकतो. त्याला कोर्टातले सिनेमे आवडतात. टेबलावर हात आपटणारे, तारखांवरून ओरडणारे. त्याला मी चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ दिला, 2014 चा. एका लोकशाहिरावर खटला भरला जातो. आरोप असा की त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला. नारायण कांबळे हे शाहीर वीरा साथीदार यांनी केलेत, जे स्वतः नागपूरच्या चळवळीतले. या कोर्टात कुणी ओरडत नाही. सरकारी वकील बाई जुन्या कायद्यांची कलमं एका सुरात वाचून दाखवतात, मग लोकलनं घरी जातात, स्वयंपाक करतात, सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटक बघतात. एका बाईंचा ब्लाउज बिनबाह्यांचा आहे म्हणून न्यायाधीश त्यांचं प्रकरण ऐकत नाहीत, तारीख देतात. भाचा खो खो हसला आणि म्हणाला, “मावशी, हे असंच असतं गं.” शेवटी मात्र तो गप्प झाला. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे विझतात, आणि कॅमेरा तिथंच थांबतो. माणूस मात्र पुन्हा आत.

त्याला जोड ‘सामना’. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, 1975 मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत गेलेला. साखर कारखाना, सहकार, सगळं गाव मुठीत असलेले हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले. आणि कुठूनतरी आलेला दारुडा, विटलेला मास्तर म्हणजे श्रीराम लागू. पाटील मास्तराला गंमत म्हणून वाड्यावर ठेवून घेतो. मास्तर गावात एकच प्रश्न विचारत फिरतो. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढं काय झालं? निळूभाऊंचा पाटील आधी हसतो, मग चिडतो, मग समजुतीनं घेतो. खलनायकाच्या हसण्याचे इतके प्रकार मी दुसऱ्या कुठल्या मराठी सिनेमात पाहिलेले नाहीत. त्या दोघांना एका खोलीत बसवून कॅमेरा सुरू ठेवला असता तरी माझे पैसे वसूल झाले असते.

दोन्ही सिनेमे पाहून झाल्यावर भाचा म्हणाला, “दोन्हीकडे कांबळेच.” मी काही बोलले नाही. हे त्याचं त्याला दिसलं, मला तेवढंच हवं होतं.

विनोदी सिनेमे मला सुचवावे लागत नाहीत. ‘अशी ही बनवाबनवी’ घराघरांत पाठ आहे. तो 1966 च्या हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून आला, हे सांगितलं की मंडळी उगाच नाराज होतात. त्यांना मी 1952 चा ‘लाखाची गोष्ट’ देते. होणाऱ्या सासऱ्यानं दिलेले लाख रुपये महिन्याच्या मुदतीत उडवायचे, एवढीच गोष्ट. तेव्हाच्या लाखाचं आजचं मोल किती, यावर आमच्याकडे सिनेमा थांबवून वाद झाला आहे.

भयपटांत माझी मजल फार नाही. ‘तुंबाड’ मात्र कोकणातल्या त्या न थांबणाऱ्या पावसासाठी आणि हव्यासासाठी सांगतेच. 1918 पासून 1947 पर्यंत एक घराणं कसं पोखरत जातं ते बघा. भुतापेक्षा माणसांची भीती वाटते. घरात लहान मुलं असतील तर तो त्यांना दाखवू नका. त्यांच्यासाठी ‘एक डाव भुताचा’ आहे. त्यात भूत अशोक सराफ आणि मास्तर दिलीप प्रभावळकर, म्हणजे घाबरायचा प्रश्नच नाही.

मुलांचा विषय निघालाच आहे तर इराणचे अब्बास किआरोस्तामी. 1987 चा त्यांचा सिनेमा, नावाचा अर्थ ‘मित्राचं घर कुठे आहे’. वर्गमित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली. उद्या त्यानं वहीत गृहपाठ केलेला नसला तर गुरुजी त्याला शाळेतून काढतील. म्हणून अहमद शेजारच्या गावी त्याचं घर शोधत पळतो. बस्स. शेजारच्या चौथीतल्या पोराला मी तो ‘किल्ला’नंतर दाखवला. ‘किल्ला’तला चिन्मय पुण्याहून कोकणात आलेला, वडील गेलेले, आईची बदली, त्याला मित्र सापडायचे आहेत. इराणी पोराला आहे तो मित्र वाचवायचा आहे. अर्ध्यावर पोरगं उठेल असं वाटलं होतं. ते उठून टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसलं आणि अहमदला रस्ता सांगायला लागलं. “डावीकडे, डावीकडे!” मराठीत.

तुम्हाला यातला एकच बघायला सवड असेल तर ‘सामना’ बघा. जोडी जमत असेल तर त्याच आठवड्यात ‘कोर्ट’. ‘सिंहासन’ त्यानंतर बघा, आधी नको. मंत्रालयातलं राजकारण कळायच्या आधी वाड्यावरचं कळलेलं बरं.