भाकरीचे धान्य

'मनोरंजन' (१८९५), 'किर्लोस्कर' (१९२०) ह्यांसारख्या जुन्या मासिकांचे अंक चाळताना माझे लक्ष 'भाकर' ह्या शब्दापाशी अडते. 'पोटाची भाकर' म्हणजे उपजीविका, 'लष्कराच्या भाकऱ्या' म्हणजे नसता उपद्व्याप. अशा प्रयोगांत धान्य गळून पडते. देशावरचा वाचक तेथे ज्वारी-बाजरी गृहीत धरतो. कर्जत तालुक्यातील आमच्या कडावला मात्र भाकरी म्हणजे तांदळाचीच. पीठ कढत पाण्यात मळावे, परातीत हाताने थापावे, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवावे. विशेषण लागते ते ज्वारीच्या भाकरीला. छापील मराठीत ते आम्हाला लावावे लागते. प्रमाणभाषेचे केंद्र कोठे आहे, हे मला ह्या एका विशेषणाने व्याकरणग्रंथांहून अधिक स्पष्ट सांगितले. तरीही 'लष्कराच्या भाकऱ्या' वाचताना माझ्या डोळ्यांपुढे पांढऱ्याच येतात.