लेख मोजावेत की वाचावेत

वैद्यकीय महाविद्यालयाच्या निवड समितीपुढे बायोडेटा येतो तेव्हा त्याची शेवटची पानं शोधनिबंधांची असतात, आणि नेमकी तीच घाईघाईनं उलटली जातात. एकूण लेख किती, त्यांतले इंडेक्स्ड नियतकालिकांत किती, उमेदवाराचं नाव कितव्या क्रमांकावर, एवढं टिपून घेतलं की झालं. बढतीच्या नियमांनाही त्याहून जास्त काही नको असतं. मला वाटतं, बालरोग आणि आनुवंशिकी यांच्या सीमेवर काम करणाऱ्या संशोधकाची यादी अशी वाचली तर तिच्यातलं खरं काम हमखास निसटतं. या क्षेत्रात एका झटक्यात शोध लागल्याची उदाहरणं थोडी. एक शक्यता मांडायची, ती तपासायला दुसऱ्या दोन बाद करायच्या, आणि मग पहिल्या शक्यतेवरच शंका घ्यायची, असं हे काम वर्षानुवर्षं पुढे सरकतं. आधीच्या लेखानं कुठला प्रश्न शिल्लक ठेवला आणि पुढच्यानं त्यातला कुठला उचलला, हे पाहिलं तरच ते दिसतं.

उदाहरणादाखल इंडियन चाइल्डहुड सिरोसिस घेऊ. 1887 साली कलकत्त्यात या आजाराची नोंद झाली आणि पुढची शंभरेक वर्षं तो आपल्याकडच्या बालरोग विभागांत ठाण मांडून होता. साधारण एक ते तीन वर्षांचं मूल, पोट मोठं, हाताला लागणारं यकृत टणक आणि धारदार कडेचं. एकदा कावीळ दिसली की बहुतेक मुलं काही महिन्यांत जात. एकाच घरात पाठोपाठ दोन-दोन भावंडं दगावत. काही समाजांत आजार जास्त, काहींत जवळपास नाही. एवढं पाहिल्यावर कुणीही डॉक्टर म्हणेल की हे रक्तातूनच आलेलं असणार. तसंच म्हटलं गेलं. वंशावळी काढल्या, नात्यातल्या लग्नांचा हिशेब मांडला, पण वारशाचा कुठलाच सरळ नमुना त्यांत बसेना.

1978 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख आला. या मुलांच्या यकृताचे छेद ऑर्सीन नावाच्या रंगानं रंगवले तर पेशींत गडद तपकिरी कण दिसतात, एवढंच त्यात होतं. असे कण दिसले की तांब्याचा संशय घ्यायचा असतो. लेखकांत ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर होते. पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष तांबं मोजलं गेलं. कोरड्या यकृताच्या एका ग्रॅममागे एरवी पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत असणारं तांबं या मुलांत कित्येकशे, कधी हजाराच्याही वर निघालं. या दुसऱ्या लेखावर पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे आनंद पंडित यांचंही नाव आहे. यकृतात तांबं साठतं म्हटल्यावर विल्सनचा आजार आठवतो, आणि तो पक्का आनुवंशिक. म्हणजे वारशाच्या बाजूनं आणखी एक पुरावा मिळाला असं समजून जनुकाच्या मागे लागणं सोपं होतं. हा गट मात्र स्वयंपाकघराकडे वळला. 1983 सालच्या लेखाचा विषय होता लहान वयात सुरू केलेलं, तांबं उतरलेलं वरचं दूध, आणि ते आजाराचं ‘संभाव्य’ कारण आहे एवढाच त्याचा दावा होता.

या लेखामागचं भांडं आपल्या दोन पिढ्यांपूर्वीच्या प्रत्येक घरात होतं. गाईचं किंवा म्हशीचं दूध पितळी पातेल्यात तापवायचं आणि त्यातच ठेवायचं. कल्हई चांगली असेल तोवर दूध आणि पितळ यांच्यामध्ये कथलाचा थर असतो. घासून घासून तो तळाशी उडतो, पिवळा धातू उघडा पडतो आणि कल्हईवाला पुन्हा दारावर येईपर्यंत तसाच राहतो. आता यावर एक रास्त आक्षेप येतो. तांब्या-पितळेच्या भांड्यातलं पाणी लोक पिढ्यान् पिढ्या पीत आले, मग दुधानंच काय घोडं मारलं? त्याचं उत्तर 1989 सालच्या लेखात आहे, आणि तो लेख रुग्णांवरचा नाहीच, प्रयोगशाळेतला आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन पितळेतून सुटणारं तांबं पकडतं आणि धरून ठेवतं. त्याआधी, 1987 साली, शीला भावे यांचं नाव पहिलं असलेला लेख आला होता. आजारी मुलं आणि त्यांच्या जोडीला निवडलेली निरोगी मुलं यांच्या दुधाची, भांड्यांची, अंगावर पाजण्याची सविस्तर चौकशी त्यात होती. त्याच वर्षी पेनिसिलामाइन या औषधाच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. काविळीच्या आधी औषध सुरू झालं तर काही मुलं वाचत होती. 1992 साली आजार टाळण्यावरचा लेख आला.

या साताठ लेखांत नावं बहुतेक तीच, पण क्रम बदलत राहतो. क्रमांकाला गुण देणाऱ्या तक्त्यात टॅनर, भावे आणि पंडित यांचे निरनिराळे आकडे निघतील. आयांशी बोलून खाण्यापिण्याचा इतिहास काढणं हे या साखळीतलं सगळ्यांत किचकट काम होतं आणि ते पुण्यातच होऊ शकत होतं. तक्त्याला हे कळत नाही. भावंडांच्या कोड्याचं उत्तरही या साखळीतच निघालं: त्यांचे आईवडील एक होते तसं पातेलंही एकच होतं. कुटुंबात आजार फिरतो म्हणून तो जनुकात आहे, ही उडी आजही रोज मारली जाते. आनुवंशिकीच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी हे उदाहरण शिकवावं असं मला फार वाटतं.

पण मग याला आनुवंशिकीतलं काम का म्हणायचं? कारण प्रश्न तिथं मिटला नाही. 1994 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या तीन गावांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथल्या नळाच्या पाण्यात तांबं भरपूर होतं, तरी लहान मुलांत यकृताच्या आजारानं एकही मृत्यू नव्हता. पाणी आणि दूध यांतला फरक मान्य केला तरी नुसत्या तांब्यानं भागत नाही, ही शंका उरतेच. 1996 साली ऑस्ट्रियातल्या टिरोलमधून उलट बाजूचा पुरावा आला. 1900 ते 1974 या काळात तिथली 138 मुलं अशाच सिरोसिसनं गेली होती. तांब्याच्या भांड्यातलं गाईचं दूध तिथंही होतं, पण वंशावळींत अप्रभावी वारशाचा नमुनाही स्पष्ट होता. जनुक आणि भांडं दोन्ही लागत होती, आणि भांडी बदलल्यावर आजार गेला. यकृताच्या विकृतिशास्त्राचे जाणकार एन. सी. नायक यांचं नाव 1979 सालच्या तांब्यावरच्याच एका लेखावर होतं. 2013 साली त्यांनी तांब्याच्या कारणमीमांसेवरच कडक टीका केली. ती टीका मला पूर्ण पटत नाही. तरी टॅनर-भावे-पंडित यांची यादी नायकांचा लेख शेजारी ठेवल्याशिवाय वाचू नये, कारण संशोधकाचं काम त्याच्या विरोधकांच्या यादीतही असतं.

कुणी म्हणेल, स्टील आलं आणि आजार गेला. यात लेखांचं श्रेय काय? बरंचसं खरं आहे. पितळी पातेली माळ्यावर गेली ती ‘लॅन्सेट’ वाचून नव्हे, कल्हईचा खर्च आणि घासण्याचा त्रास वाचतो म्हणून. पण टिरोलमध्ये शेवटच्या मृत्यूनंतर दोन दशकांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून कारण जुळवावं लागलं. पुण्यात ते मुलं समोर असताना शोधलं गेलं आणि त्यांतल्या काहींना औषध मिळालं. दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: मोजणी निदान सगळ्यांना सारखी, वाचन म्हणजे समितीची मर्जी. मर्जी चालते हे मान्य, पण मोजणीतही ती चालतेच, फक्त आधी, लेखकांची नावं घालताना. उमेदवाराला स्वतःचेच तीन लेख निवडायला सांगावं, आणि पहिल्यातून दुसरा कसा निघाला हे अर्ध्या पानात लिहायला लावावं. समितीचा तासभर जाईल, तो जावा.

जनुकाचा प्रश्न अजून उभाच आहे. विल्सनच्या आजाराचं एटीपीसेव्हनबी हे जनुक 1993 साली सापडलं. बेडलिंग्टन टेरियर जातीच्या कुत्र्यांत यकृतात तांबं साठवणारं जनुकही पुढे सापडलं, पण टिरोलसारख्या रुग्णांत त्याचा संबंध जुळला नाही. आता रुग्णच नाहीत, तेव्हा उरले ते विकृतिशास्त्र विभागांत असतील ते बायोप्सीचे जुने पॅराफिन ब्लॉक. त्यांतून डीएनए काढता येतो, पण तो तुटका असतो आणि कामाला वेळ लागतो. एखाद्या तरुण संशोधकानं हे हाती घेतलं तर दोन-तीन वर्षं त्याच्या यादीत काही दिसणार नाही, आणि दिसेल तेव्हाही बहुधा ‘अमुक जनुकाचा संबंध आढळला नाही’ असाच एक लेख दिसेल. तो उमेदवार मुलाखतीला आला तर माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: ते जनुक बाद झाल्यावर तुम्ही कुठलं घेतलंत, आणि तेच का?